प्रतिसाद: धुऱ्यावर वळताना दिशा का भरकटते

भाऊ, पराटीच्या वावरात ट्रॅक्टरवरचं यंत्र सरळ तासात दिशा बरोबर दाखवते आणि धुऱ्यावर वळलं की भरकटते, असं तुम्ही लिहिलं. होकायंत्राची चिप बदला, हा वरचा सल्ला मला पटत नाही. चिप कितीही चांगली घेतली तरी होकायंत्राला चुकवायला बाजूला एवढं लोखंड आणि अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) बदलता प्रवाह आहेच.

मूळ गोष्ट अशी, की जीपीएस आपलं तोंड कुठे आहे ते सांगत नाही, आपण कुठे सरकतोय ते सांगते. रिव्हर्स घेतला की तिची दिशा 180 अंशांनी उलटते. वेगाच्या मोजमापात सेकंदाला 10 सेंटीमीटरची चूक धरली, तर सेकंदाला 1 मीटर चालीत दिशा सुमारे 6 अंशांनी हलू शकते. थांबल्यावर तर ती कुठलीही दाखवेल.

म्हणून वळणावर जायरोवर, म्हणजे वळण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरवर, विसंबा. थोड्या वेळाचं वळण तो छान मोजतो, पण त्याच्या शून्याची चूक (न वळताही तो थोडं वळण दाखवतो ती) साठत जाते. ट्रॅक्टर उभा असला की ते शून्य पुन्हा बसवा, सरळ तासात जीपीएसवरून कोन दुरुस्त करा. कॅलमन फिल्टर, म्हणजे दोन्ही मोजमापं भरवशाप्रमाणे एकत्र करणारं गणित, हेच करतो. मात्र वेग कमी झाला की त्यात जीपीएसचं वजन घटवा, आणि रिव्हर्सची खूण गिअरवरून वेगळी द्या. ही खूण लोक हमखास विसरतात.

उभ्या ट्रॅक्टरचीच दिशा हवी असेल तर छतावर जीपीएसच्या दोन अँटेना लागतील; दिशा त्यांना जोडणाऱ्या रेषेवरून कळते. दोघींमधल्या 1 मीटर अंतरात 1 सेंटीमीटरची चूक म्हणजे जेमतेम 0.6 अंश. महाग पडतं, पण फवारणीच्या ड्रोनसाठी मी तेच सुचवेन, कारण तो जागेवरच तोंड फिरवतो.