‘नवे पाणी बाधले’ म्हणजे नेमके काय झाले? आपापले अनुभव लिहा

मृगाचा पाऊस पडून ओढ्याला गढूळ पाणी आले की आमच्या भागात दर वर्षी जुलाब-उलट्यांची साथ येते आणि ‘नवे पाणी बाधले’ एवढे म्हणून माणसे मोकळी होतात. जणू दोष ऋतूचा आहे, विहिरीचा किंवा नळाचा नाही. गावात राहून ज्यांनी या दुखण्याशी प्रत्यक्ष सामना केला आहे, त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा. फसलेला प्रयत्न असेल तर तोही अवश्य लिहावा.

निवृत्त आरोग्यसेवक, सातारा जिल्हा

फसलेल्या प्रयत्नापासूनच सुरुवात करतो. विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर, टाकण्याचा हिशेब आम्हाला तोंडपाठ असे. 1000 लिटर पाण्याला 5 ग्रॅम, म्हणजे 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी असेल तर साधारण 28000 लिटरसाठी 140 ग्रॅम. भुकटी बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी विहिरीत सोडायची. एका पावसाळ्यात हे सगळे मी गावच्या पाण्याची देखभाल करणाऱ्या जलसुरक्षकाकडून नेमाने करून घेत होतो, वहीत तारखा लिहीत होतो, आणि तरीही तिसऱ्या आठवड्यात एकाच आळीत अकरा जणांना जुलाब झाले.

त्या दिवशी प्रथमच मी स्वतः ओटी टेस्ट केली, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे पिवळ्या रंगावरून पाहिले. नळीतल्या पाण्यात थेंब टाकले, हलवले, उजेडाकडे धरले. पिवळ्या रंगाची छटासुद्धा दिसली नाही. पोते पाहायला गेलो तर ते ओल्या भिंतीला टेकून, तोंड उघडे ठेवून, महिनोन्‌महिने पडलेले होते. टीसीएलमध्ये किमान 20 टक्के क्लोरीन असावा लागतो, आणि हवा व ओल लागली की तो उडून जातो. आम्ही तीन आठवडे इमानेइतबारे विहिरीत चुना टाकत होतो. वही मात्र चोख होती. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी वहीतली तारीख पाहिली नाही, आधी नळीतला रंग पाहिला.

पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून ते ओतून देणाऱ्या बायकांची समजूत काढणे हे वेगळेच काम होते. ‘भांड्यात भरून अर्धा तास उघडे ठेवा, वास कमी होईल’, असे सांगितल्यावर बहुतेकींना पटत असे.

आशा स्वयंसेविका, बीड जिल्हा

ओआरएसचे पाकीट घरात पोहोचले म्हणजे काम झाले, असे मलाही सुरुवातीला वाटत असे. एका घरी गेले तेव्हा सूनबाई अर्धे पाकीट पेल्यात कालवून बाळाला पाजत होती आणि उरलेले अर्धे घडी घालून डब्यावर ठेवले होते. ते संपूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात घालायचे असते. पेल्यातले ते दाट पाणी जुलाब थांबवण्याऐवजी वाढवू शकते. तेव्हापासून मी लिटरची रिकामी बाटली पिशवीत घेऊनच फिरते आणि पाकीट समोर फोडून, कालवून दाखवते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, आणि चमचा चहाचाच. आधी मीठ घालून चव पाहायची, पाणी अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये, मगच साखर घालायची.

खरी अडचण सासूबाईंची असते. ‘वरून पाणी घातलं तर खालून जास्त जाईल’, हे त्यांचे म्हणणे. मी वाद घालत नाही. ‘मावशी, फुटक्या घागरीत पाणी भरायचं थांबवलं तर ती लवकर रिकामी होते की उशिरा?’ एवढेच विचारते. झिंकच्या गोळ्यांचे मात्र अजून जमलेले नाही. जुलाब थांबले की तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद होतात, आणि त्या 14 दिवस द्यायच्या असतात.

वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र

वरील ताईंच्या लिटरच्या बाटलीवरून आठवले. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथील छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरली आणि सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. त्याच सुमारास जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे गावातल्या अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊ लागले होते. इतके होऊनही माझ्या ओपीडीत चालत आलेला रुग्ण ‘बाटली लावा’ असेच म्हणतो, आणि मी लावली नाही तर बाजारपेठेतल्या दवाखान्यात जाऊन पैसे मोजून लावून घेतो. ज्या मुलाचे डोळे खोल गेले आहेत, जे मलूल पडले आहे, ज्याला पाणी पिताच येत नाही, त्याला सलाइन हवेच. अडचण ही की तेच मूल बहुतेक वेळा सर्वांत उशिरा येते.

प्राथमिक शिक्षक, कोल्हापूर जिल्हा

हात धुवायचा साबण आमच्या शाळेत होता, पण कपाटात. जुन्या पायमोज्यात घालून तो नळाला बांधला आणि मुले हात धुऊ लागली. पायमोजे मुलांनीच आणले. आणखी सांगण्यासारखे काही नाही.

ग्रामपंचायत सदस्य, पुणे जिल्हा

आमच्या गावाला सलग तीन वर्षे हिरवे कार्ड मिळाले होते, म्हणजे पाण्याचा स्रोत आणि परिसर तपासणीत उत्तम ठरला होता. तरीही वरच्या आळीत कोणी आजारी पडत नसे आणि खालच्या आळीत पडत. टाकीतले पाणी तपासले तर क्लोरीन पुरेसा होता. शेवटच्या नळाला काहीच नव्हता. नळयोजनेवर काम केलेल्या एका वृद्ध फिटरने पाहताक्षणी व्हॉल्व्हच्या खड्ड्याकडे बोट दाखवले. खड्ड्यात गटाराचे पाणी तुंबलेले होते आणि व्हॉल्व्ह त्यात बुडाला होता. नळाला पाणी जेमतेम तासभर येते. ते बंद झाले की रिकाम्या होत जाणाऱ्या पाइपात ओढ निर्माण होते आणि सांध्यातून बाहेरची घाण आत खेचली जाते. दुसऱ्या सकाळी पहिल्या हंड्यात तीच येते.

खड्डा आम्ही हातभर उंच बांधून घेतला, सांधे बदलले, वर लोखंडी झाकण बसवले. मागच्या पावसाळ्यात खालच्या आळीत दोनच जण आजारी पडले. आता झाकण कोणी काढू नये म्हणून त्याला कुलूप आहे. किल्ली पाणी सोडणाऱ्याच्या घरी खुंटीला असते, आणि तो चार दिवस परगावी गेला की खड्ड्यात काय साचले आहे हे कोणालाच दिसत नाही. दुसरी किल्ली करून घेण्याचा विषय पुढच्या मासिक सभेत मांडणार आहे.