ऐकताना अडत नाही

"आठ-दहा वर्षांच्या मुलांना जुन्या कादंबऱ्यांची भाषा पेलत नाही, म्हणून संक्षिप्त आवृत्तीच वाचून दाखवावी" हे बऱ्याचदा ऐकू येणारे मत मला पटत नाही. स्वतः वाचताना अडणारे शब्द ऐकताना आवाजाच्या चढउतारावरून पुष्कळदा उमगतात. आमच्या मुलीची इंदूरची शाळा हिंदी-इंग्रजी, मराठी घरात कानांवर पडते तेवढीच. तरीही गेल्या पावसाळ्यात आम्ही 'श्यामची आई' काटछाट न करता वाचली. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात प्रकरणांना 'रात्र' म्हटले आहे. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री. म्हणजे त्याची घडणच ऐकण्यासाठी आहे, आणि जेवणानंतर एक रात्र हा हिशेब आपोआप बसतो.

'पत्रावळ' ही रात्र आली तेव्हा मुलीने मला थांबवून "म्हणजे पत्तलच ना?" असे विचारले, आणि दुसऱ्या दिवशी आजीजवळ बसून पळसाच्या (इकडे खाखरा म्हणतात) पानांना चोय (पाने जोडायची बारीक काडी) टोचायला शिकली. आईच्या आजारपणाच्या शेवटच्या रात्री मात्र आम्ही झोपण्यापूर्वी न वाचता रविवारी सकाळी, सगळे घरात असताना वाचल्या.