विकतच्या मातीआधी पालापाचोळा वापरा

सोसायटीच्या बागेत श्रमदानाला माणसं येतात, पण जमीन मुरमाड, काही धरत नाही, म्हणून लाल मातीचा ट्रक मागवू, असं तुमच्यात ठरताना दिसतंय. कृपया घाई नको. माती जागेवरच तयार होते, आणि त्या कामाला हातच लागतात, जे तुमच्याकडे आहेत.

शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या 'प्रयोग परिवार' या गटाच्या श्रीपाद दाभोलकरांच्या विचारातून आलेली अमृतजलाची, म्हणजे पाला कुजवणाऱ्या पातळ खताची, रीत सोपी आहे: १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, तीन दिवस रोज ढवळायचं, मग दहापट पाणी. त्यात सुका पाला बुडवून थर रचा, मधेमधे मूठभर माती टाका, आठवड्याला ढीग उलथा. पाला चुरून टाकलात तर लवकर कुजतो. हे काम मुलं फार आवडीने करतात. मुंबई बंदराच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग सुरू केली, तीही अशाच विचाराने.

फक्त पाण्याची पाळी नावानिशी लावा. रविवारी वीसजण येतात, मंगळवारी दुपारी रोपं कोण बघणार? मे महिन्यात बागा पाण्यावाचून तिथेच मरतात.