विषय: जर्मनीतल्या आपल्या मंडळाच्या गणपतीत सरबत कशातून द्यायचं?

सर्व सभासदांना नमस्कार,
यंदा गणपतीत प्लास्टिकचे ग्लास नकोत, हे बैठकीत ठरलंच आहे. आता कागदी ग्लासात कोकम सरबत द्यायचं, की टेट्रा पॅकमधला आयता रस? दोन्ही कागदीच. शुक्रवारपर्यंत कळवा.
– सचिव

सचिवताई,
सध्या मुक्काम पुणे, कोथरूड, आईकडे. ‘दोन्ही कागदीच’ वाचून राहवलं नाही. काल भाच्याने आंब्याचा रस संपवला, ते खोकं मी कापून रात्रभर भिजत घातलं. (आईला वाटलं साबुदाणा भिजवलाय.) सकाळी पुठ्ठा कडेने सुटला, आतला चंदेरी वर्ख आणि प्लास्टिकचा पापुद्रा मात्र ढिम्म. वजनात साधारण 75 टक्के पुठ्ठा, 20 टक्के पॉलिथिन, 5 टक्के अ‍ॅल्युमिनियम. तो वर्ख उजेड आणि हवा अडवतो, म्हणून तर रस फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे तो उगीच घातलेला नाही, पण नुसता कागदही नव्हे.

इथे दारावर कचरा न्यायला ‘स्वच्छ’च्या ताई येतात, कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. त्यांना खोकं दाखवलं, तर म्हणाल्या, “दादा, पुठ्ठ्यात टाकू नका, वेगळं बांधून द्या.” बरोबरच आहे. पाण्यात घुसळून लगदा सुटा करायची सोय असलेल्या कारखान्यातच त्याचं काहीतरी होतं. उरलेल्या प्लास्टिक-अ‍ॅल्युमिनियमचे दाबून पत्रे करतात, बाकं करतात. तिथवर पोचलं नाही, तर कागदी असून काय उपयोग?

आपल्याकडे जर्मनीत तर गंमतच. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत, म्हणून लोक ती परत नेतात. रसाच्या खोक्यावर अनामत नाही. ते वेष्टनांच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायचं, आणि आपल्या कार्यक्रमात ते कुठे जातं, हे आपण सगळे जाणतो.

कागदी ग्लासालाही आत प्लास्टिकचा लेप असतोच. आयआयटी खरगपूरच्या 2020 च्या अभ्यासात 100 मिली गरम पाणी 15 मिनिटं ठेवल्यावर सुमारे 25,000 सूक्ष्म कण सुटले होते. सरबत गार, त्यामुळे तितकी काळजी नाही. पण आरतीनंतर त्याच ग्लासात चहा ओतणार ना?

आणि नळ्या! भारतात 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या बंद झाल्या. आता कागदी येते, भाचा रस प्यायच्या आधी तिचाच चोथा करतो.

तुळशीबागेतून स्टीलचे पेले आणू का? बॅगेत पन्नास सहज बसतील.
– खजिनदार

पेले आणा, पण धुणार कोण? गेल्या दिवाळीत पातेली घासायला आम्ही तिघंच होतो, बाकीचे रांगोळीपाशी फोटो काढत होते.
– स्वयंपाकघर समिती

ज्यांनी खोकं भिजत घातलं, त्यांनीच धुवावेत. खजिनदार, पेल्यांबरोबर काथ्याही आणा.
– सचिव