हिरडीतून आलेले रक्त आणि शिकणारा हात

रुग्णाच्या दात आणि हिरडी यांमधील फटीची खोली मोजताना रक्त दिसताच आपल्याच हाताने इजा झाली असे समजून दंतोपचार शिकणारे प्रशिक्षणार्थी धास्तावतात, असा अनुभव अनेकदा सांगितला जातो. त्यात थोडी भर घालतो. निरोगी हिरडी हलक्या हाताने तपासली तर सहसा रक्त येत नाही, त्यामुळे दिसलेले रक्त हे बहुतेक वेळा आधीपासूनच असलेल्या दाहाचे लक्षण असते आणि त्याची नोंद घेणे हा त्या तपासणीचाच एक हेतू असतो. प्रत्येक दाताभोवती ६ ठिकाणी मोजमाप घेतले जाते. १ ते ३ मिलिमीटर खोली सामान्यतः निरोगी मानतात. उलट, धूम्रपान करणाऱ्यांमध्ये दाह असूनही रक्तस्राव कमी दिसू शकतो, म्हणून केवळ रक्त न दिसल्याने निश्चिंत होणे मला अधिक धोक्याचे वाटते.

हाताची भीती मात्र अगदीच निराधार नसते. प्रोबवर (खोली मोजण्याच्या, खुणा असलेल्या बारीक हत्यारावर) २० ते २५ ग्रॅम इतकाच दाब अपेक्षित असतो, आणि तो पुस्तक वाचून नव्हे, सरावानेच बोटांत उतरतो. स्केलिंग करताना (दातांवरचा कठीण थर खरवडून काढताना) अनामिका जवळच्या दातावर नीट टेकलेली असावी आणि हालचाल बोटांनी न करता मनगट व पुढचा हात एकत्र फिरवून करावी, हे प्रशिक्षक वारंवार सांगतात, कारण टेकू सुटला की हत्यार घसरते आणि तेव्हा खरोखरच इजा होते.

तपासणीपूर्वीच रुग्णाला रक्ताची शक्यता व तिचे कारण सांगून ठेवावे.