संवर्धनाचा आराखडा: तडजोड कशात करायची आणि कशात नाही?

धागाकर्ता
जंगल असो वा समुद्र, आराखडा करताना निसर्ग, रोजगार, पर्यटन, श्रद्धा अशा प्रत्येक गोष्टीला गुण देतात आणि बेरीज करतात. ही बेरीज मला मुळातच अमान्य आहे. निसर्गाला किमान किती लागतं ते आधी ठरवा आणि त्यात घासाघीस करू नका. ते कुठे राखायचं, यावर मात्र हवं तेवढं भांडा.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफ या समुद्रातल्या प्रवाळांच्या पट्ट्यात असंच झालं. 70 जैवप्रदेश (साधारण सारखी जीवसृष्टी असलेले भाग) आखले आणि प्रत्येकाचा किमान 20 टक्के भाग मासेमारीला बंद ठेवायचं ठरवलं. मग लोकांच्या 31 हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या, नकाशावरच्या रेषा सरकल्या. 2004 मध्ये आराखडा लागू झाला तेव्हा बंदीचं क्षेत्र 5 टक्क्यांच्या आतून 33 टक्क्यांवर गेलं होतं.

किनारवासी
म्हणजे शास्त्रज्ञांचं म्हणणं काळ्या दगडावरची रेघ, आणि मच्छीमारानं फक्त रेषा इकडे-तिकडे करून मागायची?

नकाशावर दोन चौकोन सारखेच दिसतात, मासळीही तेवढीच. पण एक वाऱ्याच्या आडोशाला असतो. हवा बिघडली की लहान होडी तिथेच जाऊ शकते. तो बंद केला तर कागदावर 'पर्यायी जागा उपलब्ध' असं लिहिलं जातं. मोठी बोट त्या पर्यायी जागी जाते, लहान होडीवाला घरी बसतो. आणि रीफच्या वेळी मासेमारीवाल्यांना द्यायच्या भरपाईचा खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट वाढून 20 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला, हेही सांगा की.

वनवेडा
@किनारवासी, पोटापाण्याचं नाव पुढे करून मर्यादा सैल केली की काय होतं ते कॅनडात दिसलं. न्यूफाउंडलंडच्या कॉड माशासाठी शास्त्रज्ञांनी सुचवलेल्यापेक्षा जास्त मासे पकडायचा कोटा दिला गेला, कारण नोकऱ्या वाचवायच्या होत्या. 1992 मध्ये मासेमारीच बंद करावी लागली आणि हजारो लोकांचं काम गेलं. माशाला हरकत नोंदवता येत नाही. त्याचा वाटा कुणाच्याही सहीनं कमी होता कामा नये.

किनारवासी
कॉडची अर्धीच गोष्ट सांगितलीत. मासा कमी होतोय, लहान होतोय, असं किनाऱ्याजवळचे मच्छीमार 1980 च्या दशकातच ओरडून सांगत होते. सरकारी अंदाज मात्र बऱ्याच अंशी मोठ्या ट्रॉलरच्या पकडीवर बेतलेले होते. ट्रॉलर उरलेले थवे हुडकून काढत, त्यामुळे साठा भरपूर वाटत राहिला. तिथे मच्छीमाराचं ऐकलं असतं तर मर्यादा सैल नाही, कडकच झाली असती.

धागाकर्ता
@किनारवासी, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. किमान मर्यादा ठरवतानाच रोज पाण्यात जाणाऱ्याची निरीक्षणं पुराव्यात धरली पाहिजेत, नुसत्या सुनावणीच्या इतिवृत्तात नकोत. पण एकदा ठरल्यावर ती रोजगाराच्या आकड्याशी तोलायची नाही, इथे मी वनवेडा यांच्या बाजूचा. नुकसान कुणाचं होणार ते नावानिशी लिहा आणि भरपाईची तरतूद आराखड्यासोबतच मंजूर करा. रीफमध्ये ती मागाहून फुगत गेली.

किनारवासी
आणि भरपाई होऊच शकत नाही त्याचं काय? पूर्वजांचं स्थान, देवाची जागा? त्यालाही तुमच्यासारखीच 'घासाघीस नाही' अशी मर्यादा द्याल का?

वनवेडा
द्यावी. दोन्ही मर्यादा एकाच जागेवर आल्या तर मात्र तिथल्या लोकांबरोबर बसूनच निर्णय व्हावा, वेळ कितीही लागो.