इंग्रजी पत्रातला नम्रपणा : तुमचे अनुभव सांगा

सोसायटीच्या कमिटीत पत्रव्यवहार माझ्या गळ्यात पडलाय. मराठीत 'जमेल का', 'कराल का' आपोआप येतं. इंग्रजी लिहायला बसलं की मात्र प्रत्येक वाक्याला 'काइंडली' चिकटतं, आणि तरी पत्र हुकूम सोडल्यासारखं वाटतं. तुम्ही काय लिहिता? व्याकरणाचे धडे नकोत, अनुभव हवेत.

चाकणची पहिली पाळी
आमचे ग्राहक परदेशातले. एका पोराने सुधारित ड्रॉइंग पाठवून खाली लिहिलं, 'प्लीज रिव्हर्ट'. त्याला उत्तर हवं होतं. तिकडून विचारणा आली, नेमक्या कुठल्या जुन्या आवृत्तीवर परत जायचंय? दोन दिवस काम अडलं. 'डू द नीडफुल'चंही तेच. जुनं ब्रिटिश दफ्तरी इंग्रजी, तिकडे मागे पडलं, आपण धरून बसलोय. समोरच्याला कळत नाही की नीडफुल म्हणजे नक्की काय. आता आम्ही सरळ लिहितो : 'कुड यू प्लीज कन्फर्म द होल साइझ बाय थर्सडे? वुई प्लेस द टूलिंग ऑर्डर ऑन फ्रायडे.' काय हवं, कधी आणि का, तिन्ही आलं. 'काइंडली'ची गरजच पडत नाही.

पेठेतल्या काकू
टायपिंगच्या क्लासात घोटून घेतलेलं : सुरुवात 'डिअर सर'ने, तर शेवट 'युअर्स फेथफुली', नावाने, तर 'युअर्स सिन्सिअरली'. 'रिस्पेक्टेड सर'ला परदेशात हसतील, पण इथल्या कचेरीत अर्ज देताना मी आजही तेच लिहिते. काम होण्याशी मतलब. 'आय बेग टु स्टेट' मात्र केव्हाच सोडलं. भीक कशाला मागायची?

एमएस करणारी
भाऊ ब्रिटनमधल्या गाईडला लिहिणार होता, 'आय हॅव अ डाउट'. तिकडे त्याचा अर्थ तुमचं म्हणणं मला पटत नाही, असा होऊ शकतो. 'क्वेश्चन' करायला लावलं.

वसुलीवाला
काकू, सगळं मान्य, पण थकबाकीच्या पत्रात फार गोड होऊ नका. आमच्या सेक्रेटरींनी लिहिलं, 'वुड इट बी पॉसिबल टु पे?' सभासदाचं उत्तर एका शब्दाचं : 'नो.' पुणं आहे हे! आता रक्कम, तारीख आणि 'प्लीज पे बाय 10 जून', बास. 'फायनल वॉर्निंग' पहिल्याच पत्रात नको. पुढच्या वेळी लिहायला काही उरत नाही.

धागाकर्ता
वसुलीवाले, हे उचललं. लिफ्टवाल्याला असं लिहितोय : 'द लिफ्ट स्टॉप्ड ट्वाइस धिस वीक. कुड यू सेंड अ टेक्निशियन टुमॉरो मॉर्निंग?' यात 'अ‍ॅट द अर्लिएस्ट' घालू का?

चाकणची पहिली पाळी
अहो, उद्या सकाळी म्हटलंय ना? मग अर्लिएस्ट कशाला! वॉचमनचा नंबर घाला, नाहीतर टेक्निशियन गेटवरूनच परत जाईल.